गुडघ्यांची जागा

नीरज मिस्त्रीने मोटारसायकलच्या फ्रेमवर खडूने दुसरी रेघ मारली, तेव्हा राजीवला ती आपल्याच बरगडीवर मारल्यासारखी वाटली.

"काका, अजून वेळ आहे," तो म्हणाला. "एकदा ग्राइंडर लागला की संपलं."

"संपू दे," बबन गजभिये म्हणाले आणि चहाचा रिकामा कागदी पेला नीट चेपून खिशात ठेवला. पस्तीस वर्षं केंद्र सरकारच्या नोकरीत काढलेला माणूस. दिल्लीतल्या मायापुरीच्या भंगार बाजारातही त्यांना कचऱ्याची पेटी हवी होती.

राजीव मूळचा पुण्याचा, गुरगावच्या एका कंपनीत बऱ्या हुद्द्यावर आणि द्वारकेच्या सोसायटीत काकांचा शेजारी. शिवाय जुन्या गाड्यांच्या एका क्लबाचा सचिव. क्लबाचे सभासद दर हिवाळ्यात आपापल्या गाड्या टेम्पोत घालून एका हॉटेलच्या हिरवळीवर नेत, लेदरची जाकिटं घालून त्यांच्या शेजारी उभे राहत आणि संध्याकाळी टेम्पोतूनच परत आणत. याला ते रायडिंग म्हणत.

गेल्या वर्षी आई गेल्यावर काकांनी वर्ध्याजवळच्या गावाहून ही गाडी रेल्वेने आणली. एकोणसत्तर सालची, त्यांच्या वडिलांनी शेवटपर्यंत, तीस वर्षं, बाळगलेली. सोसायटीच्या तळघरात राजीवने तिच्यावरची चादर ओढली आणि तो मटकन खालीच बसला. काळ्या टाकीवर एक ओरखडा नाही! जुन्या गाडीच्या टाकीवर दोन्हीकडे गुडघे घासून रंग उडालेला असतो; इथे गुडघ्यांची जागा कालच कारखान्यातून निघाल्यासारखी. इंजिन जेमतेम धावलेलं. फक्त डाव्या मुठीचं रबर गुळगुळीत झालेलं, सीटची डावी कड चकाकत होती आणि टायर पार टकले.

"रबर काय, वयाने जातंच," राजीवने स्वतःची समजूत घातली. "पण तीस वर्षं, काका! तुमचे बाबा हिला फारच जपायचे की हो."

"फार," काका म्हणाले.

व्हिंटेज नोंदणीचा अर्ज राजीवनेच भरला. क्लबाला यंदा पहिलं बक्षीस मिळणार, हे त्याने चार जणांना सांगूनही टाकलं.

"नोंदणी झाली की हिला कुणी हात लावणार नाही," त्याने समजावलं. "नाहीतर दिल्लीत एवढी जुनी गाडी म्हणजे भंगार. गेटबाहेर दिसली की उचललीच."

"आणि चालवायची कुठे?"

"चालवायची कशाला? रॅलीला, प्रदर्शनाला न्यायची. एरवी रस्त्यावर काढायला परवानगी नसते."

"म्हणजे बाळगायची, पण बसायचं नाही."

"बरोब्बर!"

यावर काका डोळ्यांत पाणी येईतो हसले. शैलाकाकू स्वयंपाकघरातून बाहेर आल्या आणि त्याही हसल्या. राजीवला त्यात हसण्यासारखं काही सापडलं नाही. दुसऱ्याच दिवशी काका मेट्रोने मायापुरीला गेले.

तिथे त्यांनी प्लास्टिकच्या स्टुलावर बसून एकेक टाकी मांड्यांत धरून पाहिली. शेवटी निवडली ती भलत्याच गाडीची, चांगली रुंद, आणि तिला गडद निळा रंग देऊन घेतला.

"निळा?" राजीव किंचाळलाच होता. "हे मॉडेल निळ्यात कधी आलंच नाही, काका!"

"आता येईल."

निळी टाकी अर्थातच बसेना. टाकी ज्यांच्यावर टेकते ते फ्रेमचे लोखंडी कान कापायचे, दोन बोटं मागे नवे जोडायचे आणि मधली पट्टी छाटायची, एवढाच उपाय होता. आणि फ्रेमला कात्री लागली की गाडी व्हिंटेज राहत नाही. तपासणी सोमवारी होती. आज शनिवार.

"अंकल जी, पक्का?" नीरजने ग्राइंडर उचलला. "बाद में जुड़ेगा नहीं वैसा."

"बिल्कुल पक्का. काटो."

"काका, मी हिच्याच मापाची जुनी टाकी शोधून देतो," राजीवने शेवटचा प्रयत्न केला. "काळी. फ्रेमला हात लावायला नको."

"काळी लांबून दिसत नाही रे."

"मग आहे तीच राहू द्या!"

"तिला माझे गुडघे लागायला नकोत. ती आहे तशीच घरात राहील."

ठिणग्या उडाल्या. राजीव दुकानाबाहेर जाऊन उभा राहिला. आत आला तेव्हा एकोणसत्तर सालचे दोन कान फरशीवर पडले होते आणि नीरज नवे जोडत होता. तासाभराने निळी टाकी तिथे जन्मापासून असल्यासारखी बसली. इतका वेळ कोपऱ्यातल्या स्टुलावर बसलेल्या शैलाकाकूंनी काळी टाकी आपल्या जुन्या सुती साडीत गुंडाळली आणि झोपलेलं मूल घ्यावं तशी मांडीवर घेतली.

"झालं भंगार," राजीव म्हणाला. "आता दिल्लीत कुठे फिरवणार हिला?"

"दिल्लीत कोण फिरवतंय? परवा पार्सलने गावी जातेय. पुढच्या रविवारी सकाळी घराच्या दारातून किक मारणार आणि गावातून जाणार. भर रस्त्याने. काकू मागे."

"एका रविवारसाठी?" राजीवचा आवाज चढला. "तीस वर्षं त्या माणसाने गाडीला ओरखडा येऊ दिला नाही. वडिलांचा थोडा तरी विचार करायचा, काका! गाडी इतकी जपायला काय लागतं, कल्पना आहे?"

"आहे ना," काका निळ्या टाकीला गुडघा लावून बघत म्हणाले. "आमच्या वस्तीतल्या माणसाने गावात गाडीवर बसायचं नाही, असा पाटलाचा हुकूम होता. बाबा म्हणायचे, बसेन तर माझ्या दारातूनच बसेन. दर रविवारी हिला धुऊनपुसून, इस्त्रीचे कपडे घालून ते पाटलाच्या दारासमोरून ढकलत न्यायचे आणि ढकलत आणायचे. तीस वर्षं. ढकलायला मनाई नव्हती."