डाव्या पायाला मुंग्या

जावई लॉनवर पालथा पडून मुंग्यांचं जेवण बघत होता. वारुळापासून दोन हात लांब त्याने औषधाचे दाणे टाकले होते. ते कामकरी मुंग्यांनी आपण होऊन उचलायचे, आत नेऊन राणीला भरवायचे, आणि राणी गेली की घराणं बुडालं, अशी योजना होती. वारुळाला धक्का लावायचा नाही, एवढीच अट. मागच्या आठवड्यात त्याने उकळतं पाणी ओतून पाहिलं होतं. तेव्हा एका वारुळाची तीन झाली.

"गवतावर कुणी पाय ठेवायचा नाही," त्याने मान वर न करता बजावलं.

"मी कुठला ठेवतोय," व्हीलचेअरवरून सासरे म्हणाले.

हिवाळ्यात अर्धांगवायूचा झटका आला तेव्हापासून त्यांचा डावा पाय संपावर होता. चिमटा काढा, सुई टोचा, बर्फ लावा, पाय ढिम्म. डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं, "पायाला मुंग्या आल्या की लगेच फोन करा. पाय परत येतोय असं समजा." सासूबाई रोज सकाळी चहाचा कप हातात देताना विचारायच्या, "आल्या का हो?" आणि सासरे सांगायचे, "लॉनवर आल्यात. माझ्याकडे वळल्या नाहीत अजून."

ऊन सरकलं तशी सासूबाईंनी खुर्ची सावलीत ढकलली आणि शेजारी मटार सोलायला बसल्या. सावलीत जावयाच्या कृपेने झालेलं तिसरं वारूळ होतं. पुढचं चाक नेमकं त्यात रुतलं.

थोड्या वेळाने सासरे आपल्या पायाकडे बघत शांतपणे म्हणाले, "अगं, मुंग्या आल्या."

मटार गवतावर सांडले. सासूबाईंचा फोन कानाला लागलासुद्धा.

"डॉक्टर! मुंग्या आल्या!"

"अरे वा! अभिनंदन, वहिनी! कुठपर्यंत आल्यात?"

सासूबाईंनी वाकून पाहिलं. "घोट्याच्या वर. पायजम्यात शिरतायत."

"शिरतायत?"

"रांगेने."

"वहिनी, कसल्या मुंग्या?"

"लाल."

एवढ्यात सासऱ्यांनी अशी काही बोंब ठोकली की पलीकडच्या घराच्या दोन खिडक्या उघडल्या. जावई उठून धावला आणि खांद्यावरच्या टॉवेलने सपासप झटकू लागला.

"कुठे चावली, बाबा?"

"अहो, पायाला! डाव्या!"

टॉवेल हवेतच राहिला. सासूबाई नवऱ्याकडे बघत राहिल्या. सासरे आपल्या पायाकडे बघत राहिले, बऱ्याच दिवसांनी भेटलेल्या मित्राकडे बघावं तसे. फोनमधून बारीक आवाज येत होता, "कुठल्या? कुठल्या पायाला म्हणाले?"

"डाव्या!" सासूबाई ओरडल्या. मग हसायला लागल्या. डोळे पुसत हसतच राहिल्या.

जावयाने उरलेल्या मुंग्या झटकल्या. अंगठ्यावर एक राहिली होती. त्याने टॉवेल उगारला.

"थांबा, जावईबापू!" सासऱ्यांनी अडवलं. "ही असू दे."

तिने दंश केला. सासरे "आई गं!" म्हणाले, पण अगदी चवीने. आणि अंगठा हलला. थोडासाच, पण मग पुन्हा, वर आणि खाली. मुंगी काही सोडेना. झोपाळ्यावर बसल्यासारखी झोके घेत राहिली.

"बाबा," जावयाने औषधाचा डबा दाखवत अडखळत विचारलं, "मग हे... बंद करू का?"

"छे, छे. घाला की, पोटभर घाला त्यांना," अंगठ्यावरची नजर न काढता सासरे म्हणाले. "फक्त हिच्या घरी निरोप द्या. आज ही इथेच जेवायला थांबलीय."