काज आणि बटण

"फोन परत बंद! चार दिवस जीव टांगणीला लागला होता माझा," दारातच मी अण्णांवर बरसले.

"चार्जिंगला लावायचं विसरलो गं," ते खाली बघत म्हणाले.

मी फोन उचलला, तर चार्जिंगच्या भोकाभोवती ओरखडेच ओरखडे. अण्णा विसरले नव्हते. चाळीस वर्षं टेलरिंग केलेल्या त्यांच्या हातांना कंप सुटला होता आणि वायरची पिन भोकात जात नव्हती. मला माझ्याच आवाजाची लाज वाटली.

संध्याकाळी मी चुंबकाची वायर आणली. तिचं छोटं टोक फोनमध्येच बसवून टाकलं. अण्णांनी थरथरत्या हाताने वायर जवळ नेली आणि ती टक्कन आपली आपण चिकटली. त्यांनी ती काढून परत लावली. पाच-सहा वेळा तेच.

मग हळूच म्हणाले, "शर्टाला असं काही करता येतं का गं?"

दिवाळीपासून ते टी-शर्टच घालत होते. "बरे पडतात," म्हणायचे, आणि मला ते खरं वाटायचं.

दुसऱ्या दिवशी मी चपटे चुंबक आणले आणि त्यांच्याच मशीनवर बसून शर्टाच्या पट्टीत आतून शिवले. उसवून काढलेली बटणं डब्यात टाकणार, तेवढ्यात अण्णांनी माझा हात धरला.

"ती काजांवर शिव. गावाला वाटलं पाहिजे, मीच लावलीत."