काढलेला दांडा

दादाच्या गाडीला पुढची-मागची चारही चाकं ओढायची. ती नुसत्या मागच्या चाकांवर पळवायची त्याची हौस राहून गेली. तो गेल्यावर वहिनी त्याच्या धाकट्या भावाला, मिस्त्रीला, म्हणाल्या, “भाऊजी, त्यांचं राहिलेलं तेवढं करून टाका.”

मेलेल्याची हौस कसली! पण हात रिकामे ठेवण्यापेक्षा बरं.

दादा रोज गाडी रिव्हर्समध्येच अंगणात आणायचा, वहिनी फाटक उघडायच्या. तशीच उभी असलेली गाडी मिस्त्रीने स्टँडवर चढवली, चारही चाकं अधांतरी. पुढच्या चाकांना फिरवणारा लांब दांडा काढून फडक्यावर ठेवला. दोघांच्याही डोळ्यांत टिपूस नव्हतं.

वहिनींनी आत बसून गाडी सुरू केली, पहिला गिअर टाकला. मागची चाकं फिरली, पुढची ढिम्म.

“झालं,” मिस्त्री म्हणाला.

तेवढ्यात फडक्यावरचा दांडा फिरू लागला.

“वहिनी, बंद करा.”

त्यांनी किल्ली काढली. चाकं थांबली. दांडा फिरतच राहिला. मिस्त्रीने तो दोन्ही हातांनी दाबला. तळवे सोलून निघाले, पण त्याला काहीच वाटेना.

मग दांडा क्षणभर थांबला आणि उलटा फिरू लागला.

“काय झालं, भाऊजी?”

“रिव्हर्स पडला.”

वहिनी उतरल्या आणि रोजच्यासारख्या फाटक उघडायला गेल्या.