कुमुदचे हात

साइट बंद होणार असल्यानं कुमुदचे रेसिपीचे व्हिडिओ आज संध्याकाळी कायमचे पुसले जाणार होते. त्याआधी बायकोचे हे व्हिडिओ कुठल्या ॲपमध्ये जपायचे, हे यादवरावांना ठरवायचं होतं.

"बाबा, हे ॲप साहित्य-कृती लिहून ठेवतं, हे दुसरं वास साठवतं," त्यांची मुलगी ऋता म्हणाली. "आणि हे तिसरं हातांच्या हालचाली साठवतं. हे हातमोजे घातले की आपले हात आईसारखे चालतात."

कुमुदला जाऊन वर्ष झालं होतं. यादवरावांनी हातमोजे चढवले.

थालीपिठाचा व्हिडिओ सुरू झाला. कधी चहासुद्धा न केलेली त्यांची बोटं भाजणी मळू लागली, ओल्या फडक्यावर अलगद थापून तव्यावर टाकू लागली. ते स्वप्नात असल्यासारखे बघत राहिले. इतकी वर्षं कुमुदचं शूटिंग केलं, पण हे हात त्यांनी नीट पाहिलेच नव्हते.

व्हिडिओ संपला. हातमोज्यांवरचा हिरवा दिवा विझला. तरी त्यांच्या हातानं तव्यावरच्या थालीपिठाचा तुकडा मोडला. फुंकर घालून त्यांनी तो ऋतासमोर धरला.

"हे व्हिडिओत नव्हतं, बाबा."

"कॅमेरा बंद केला की ती मला पहिला घास भरवायची."

ऋतानं तोंड उघडलं.