साइन-कॉसचा उखाणा

"आई, पाचव्यांदा चुकलीस." वृषालीने वही मिटली. "उखाणे बरे शंभर पाठ आहेत तुला."

अंगणवाडीतल्या मदतनीस शालनला सेविका व्हायचं होतं. त्यासाठी दहावी हवी, आणि गणितात ती दोनदा नापास झालेली. पेपर परवावर आला, तरी त्रिकोणमितीची सूत्रं डोक्यात राहत नव्हती.

लेकीचा टोमणा ऐकून शालन बोटाला पदर गुंडाळत बसली. मग अलगद म्हणाली,

"साइनचा वर्ग, कॉसचा वर्ग, बेरीज त्यांची एक,
उत्तमरावांचं नाव घेते शेलारांची लेक."

ओटीवर दाढी करणाऱ्या उत्तमरावांचा ब्रश गालावरच थांबला. वृषाली हसून लोळली. "आता टॅनचं घे."

"टॅनच्या वर्गात एक मिळवा, सेकचा वर्ग झाला,
उत्तमरावांचा चहा आज लेकीनेच केला."

परीक्षेत 'सिद्ध करा' आलं, तसे शालनचे ओठ हलू लागले. पर्यवेक्षक बाई बाकाजवळ थांबल्या. "काय पुटपुटताय?"

"आमच्या ह्यांचं नाव घेतेय, बाई." शालन लाजली.

बाई हसत पुढे गेल्या. शालनने शेवटची ओळ ठसठशीत लिहिली: डावी बाजू बरोबर उजवी बाजू.