गंगाम्माचा दगड

“तुमच्या सासूच्या गुडघ्यांनी मला वाचवलं बघा, अक्का,” असं म्हणत आप्पारावनं खांद्यावरची पहार भिंतीला टेकवली आणि तो ओट्यावर बसला.

सिद्धम्मा शेंगा निवडत होती. तिचे हात थांबले. गेल्या बारा वर्षांत आप्पाराव या ओट्यावर तीनदा बसला होता. दोनदा दुखवट्याला आणि एकदा हरवलेली कोंबडी हुडकत. त्यामुळं आज हा माणूस कशाला आला, हे तिला आधी कळेना.

“परवा मोजणीदार येणार,” आप्पाराव म्हणाला. “तळ्याची हद्द आखायलेत. नकाशा वाळवीनं खाल्लाय. साहेब म्हणायलाय, लोक जिथं गंगाम्माची पूजा करतात, तिथवर तळं. दगडापासून तीस पावलांच्या आत जे घर, त्याच्या भिंतीवर तांबडी फुली. मग मशीन येणार.”

आप्पारावचा जावई कचेरीत शिपाई होता. त्यामुळं गुलबर्ग्यात साहेबांनी ठरवलेलं संध्याकाळपर्यंत तळ्याकाठी कळायचं, तेही आप्पारावच्या तोंडून.

वस्तीत घरं अकरा. वरच्या टेकाडावरच्या नऊ घरांना जागेचे सरकारी पट्टे होते, त्यांची झोप शाबूत होती. उतारावरची दोनच घरं बिनकागदाची. एक सिद्धम्माचं, दुसरं साठ पावलांवरचं आप्पारावचं.

आणि दगड सिद्धम्माच्या दारापासून वीस पावलांवर होता.

तो मुळात तिथला नव्हता. ज्या साली तळं तुडुंब भरलं, त्या साली पाणी जिथवर चढलं, तिथं बायकांनी दगड बसवून हळदकुंकू लावलं होतं. ती जागा आप्पारावच्या लिंबाखालची. पण पहिल्या पूजेचा मान सिद्धम्माच्या सासूचा, नागम्माचा. म्हातारीचे गुडघे गेले, तेव्हा सिद्धम्माच्या नवऱ्यानं दगड उचलून तिला दारातून दिसेल असा आणून बसवला. म्हातारीला जाता येत नसेल तर देवानं यावं, यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. पुढं म्हातारी गेली, नवराही गेला. दगड राहिला.

“मी कुठं जाऊ, अण्णा?” सिद्धम्मा म्हणाली. “पोरगा डाळीच्या मिलमध्ये हमाली करायलाय. तिथं तो पोत्यांवर झोपतो. सुनेला आठवा महिना लागलाय.”

“मी काय सांगणार?” आप्पाराव उठला. “दगड काय आपल्या पायानं चालत परत जायलाय? उद्या दुपारी सगळे बसवण्णाच्या देवळात अर्ज लिहायला जमायलेत. घरात चिटपाखरू राहणार न्हाई. तुम्ही नका येऊ, सूनबाईजवळ थांबा.”

चार पावलं गेल्यावर तो वळला. “पहार राहू द्या इथंच. खांदा दुखायलाय. मागून नेतो.”

रात्रभर सिद्धम्मानं वीस पावलं मोजली. डोळे मिटले तरी ती वीसच भरायची.

दुसऱ्या दिवशी ऊन डोक्यावर आलं. वस्ती देवळाकडं गेली. सिद्धम्मानं पहार घेतली.

“अत्ते, देवाला हात कामून लावायलात?” सून पवित्रा दारातून ओरडली.

“तिला तिच्या घरी पोचवायलेय गं. तू आत बस.”

दगड पहारीनं उचकटला, पोत्यावर घेतला आणि तिनं तो ओढत नेला. दर दहा पावलांवर ती त्याच्यासमोर वाकून कान धरायची. तळव्यांची सालं निघाली. लिंबाखालचा जुना खड्डा बुजलेला असेल, तो उकरावा लागेल, ही तिला मोठी धास्ती होती. पण खड्डा मोकळा होता. त्यातलं गवतसुद्धा निघालेलं होतं. गंगाम्माचीच कृपा, असं तिनं धरलं आणि दगड बसवला. ताजी हळद लावली. आपल्या दारापुढची दगडाची जागा शेणानं सारवून तिथं रांगोळी काढली.

मोजणीदार आला तेव्हा सगळी वस्ती काठावर होती. दगडाची जागा बदललेली सगळ्यांना दिसली. पण आठव्या महिन्यातली पवित्रा समोर उभी होती, आणि आपल्या पट्ट्याला धक्का लागत नसेल तर माणसाला दयाही लवकर येते. कुणी तोंड उघडलं नाही.

“हाच का तो दगड?” मोजणीदारानं विचारलं.

आता आप्पाराव बोंब मारणार. सिद्धम्मानं पदर तोंडात धरला.

आप्पाराव पुढं आला. “हाच, साहेब. पाणी इथवरच आलं होतं. देवाच्या कामात खोटं कसं बोलू?”

ती बघतच राहिली. जन्मभर ज्याला लबाड म्हटलं, तो स्वतःचं घर बुडत असताना खरं बोलत होता.

टेप ताणली गेली. सिद्धम्माचं घर हद्दीबाहेर. आप्पारावचं आत. त्याच्या भिंतीवर तांबडी फुली पडली. तो कपाळाला हात लावून खाली बसला. सिद्धम्माला रडू फुटलं. ते सुटकेचं होतं की लाजेचं, तिचं तिला कळेना. आपल्या परसातली अर्धी जागा या माणसाला द्यायची, असं तिनं तिथंच मनाशी ठरवलं.

मोजणीदारानं कागद काढला आणि मोठ्यानं वाचला.

“तळ्याच्या हद्दीतलं घर एक, आप्पाराव यांचं. ते पाडायचं. बदल्यात शहरात दोन खोल्या, पट्ट्यासकट. हद्दीबाहेरचं बिनपट्ट्याचं घर एक, सिद्धम्मा यांचं. हे अतिक्रमण. पंधरा दिवसांत उठायचं. बदल्यात काही नाही.”

आप्पारावनं सावकाश सही केली, पेन परत दिलं आणि तो सिद्धम्माजवळ आला.

“अक्का,” तो हळूच म्हणाला, “तुमचं काम झालं असंल तर माझी पहार तेवढी द्या.”