मधल्या चार खुर्च्या

ट्रॉली पंखाजवळच्या रांगेपाशी आली आणि ताईंच्या उजव्या गुडघ्याने असहकार पुकारला. दुखणं नेहमीचंच, पण आज त्याने मुहूर्त बरोबर साधला होता. पुढच्या पॅन्ट्रीच्या पडद्यापाशी परीक्षक साहेब हाताची घडी घालून उभे होते. तिथून विमानातले दोन्ही बोळ सरळ दिसतात.

उडताना विमान नाक किंचित वर ठेवतं. प्रवाशाला ते कळत नाही. जेवणाची भरलेली ट्रॉली मागून पुढे ढकलणाऱ्या बाईच्या गुडघ्याला मात्र बरोबर कळतं. अख्खा चढ असतो तो. हवाई सुंदरी म्हणे! म्हणणाऱ्याने एकदा ढकलून बघावी.

आणीबाणीत दार उघडणं, पाण्यात पोहणं, घसरगुंडीवरून उडी, परीक्षेतल्या सगळ्यात ताई पास झाल्या होत्या. राहिली होती ही एक फेरी. हे जुनं विमान आता निवृत्त होणार होतं आणि त्याच घराण्यातलं नवंकोरं धाकटं येणार होतं. त्यावर कुणी जायचं आणि कुणी जमिनीवरच्या कचेरीत बसायचं, ते आज ठरणार होतं. ताईंना जायचं होतं. अगदी मनापासून जायचं होतं.

या घराण्यातलं थोरलं विमान आलं तेव्हा ताई नवख्या होत्या. तोवर विमान म्हणजे एकच बोळ. ते बघून त्या ओरडल्या होत्या, "अगं बाई, हा तर हॉल आहे!" मग मधली भावंडं आली. एकाने वरच्या मजल्यावरचा बार घालवला, बारवाला घरी बसला. दुसऱ्याने कॉकपिटमधली तिसरी खुर्ची काढली, इंजिनिअर घरी बसले. या घराण्यात पाळणा हलला की कुणीतरी घरी बसायचंच. ताईंनी सगळी भावंडं खेळवली होती. आता शेंडेफळ तेवढं हाती लागायला हवं होतं.

पलीकडच्या बोळात दुसरी ट्रॉली होती आणि तिच्यामागे एक्सप्रेस. हे नाव तिला सगळ्यांनी मिळून ठेवलेलं. पाय तसे, जीभही तशी. तिला ट्रॉली धरायला शिकवलं ताईंनीच. आणि तिनेच मध्यंतरी सगळ्यांदेखत म्हटलं होतं, "ताई, आता घरी बसा. त्या गुडघ्यावर दया करा." तेव्हापासून दोघींचा अबोला होता.

मधल्या चार खुर्च्यांतल्या दोघांना या बोळातून वाढायचं, दोघांना त्या बोळातून. ट्रॉल्या बरोबरीने चालल्या तर ठीक. एक मागे पडली की नवरा जेवतो आणि बायको बघत बसते, आणि मागे कोण पडलं ते अख्ख्या विमानाला दिसतं.

ताईंनी तिरक्या नजरेने पाहिलं. एक्सप्रेस दोन रांगा पुढे गेली होती. संपलं, असं त्यांच्या मनात आलं. डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी "शाकाहारी की मांसाहारी?" असं विचारून परतवलं.

पुन्हा पाहिलं, तर एक्सप्रेस थांबली होती. वाकून ट्रॉलीचं चाक चाचपत होती. मग तिने एका आजोबांना जेवणाचं झाकण उघडून दिलं. मग एका बाळाशी बोबडं बोलली. एक्सप्रेस, आणि बोबडं! जन्मात कुणाशी गोड बोलली नव्हती बया. ताई तिच्या रांगेला आल्या तेव्हा कुठे ती हलली. पुढेही तसंच. ताई थांबल्या की तिचं चाक अडायचं, ताई निघाल्या की सुटायचं.

दोन्ही ट्रॉल्या पडद्यापाशी एकदम पोचल्या.

"छान," साहेब म्हणाले. "मधल्या कुणालाही ताटकळावं लागलं नाही. ताई, नव्या विमानावर भेटू." मग ते एक्सप्रेसकडे वळले. "तुम्ही मात्र आज फार रेंगाळलात. तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती."

"चाक अडतंय, साहेब."

"नाचता येईना, अंगण वाकडं," असं म्हणून साहेब निघून गेले. कुणाचं अर्धं वाक्यही कधी ऐकून न घेणारी एक्सप्रेस, पण तिने तेही गिळलं.

ताईंनी पडदा ओढला. एक्सप्रेसची ट्रॉली त्यांनी एका बोटाने ढकलली. ती सुळकन जाऊन आपल्या खाचेत बसली.

"घरी बसा म्हणाली होतीस ना मला?" ताईंनी विचारलं.

"अजूनही म्हणते. रोज म्हणेन." एक्सप्रेस नॅपकिनमध्ये बर्फ बांधत होती. "पण ते मी म्हणायचं. तो कोण म्हणणारा?"

तिने भिंतीची घडीची खुर्ची खाली ओढली, ताईंना तीत बसवलं आणि बर्फ गुडघ्यावर दाबून धरला.

"आता रिकामे ट्रे गोळा करत पुढून मागे जायचंय," ती म्हणाली. "उतार आहे. माझ्यापुढे पळू नका म्हणजे झालं."